घटत्या अंगाचं

मॅग्नीच्या दुकानात माझ्याआधी वारा शिरतो.
तो दार पायानं लोटून धरतो, म्हणतो,
"ये ऑसला. या खेपेला काय फाटलं?"

फाटलं काही नाही. विरलंय.
जुन्या जाकिटाची पाठ उजेडाला धरली
की पलीकडे लर्विकचं बंदर दिसतं, बोटींच्या दिव्यांसकट.
बावीस वर्षं. मेंढ्यांची किती बाळंतपणं,
काटेरी तारा, एकदा एका एडक्याचं शिंग.
खिशात अजून वाळू निघते
आणि सुतळी. सुतळी नेहमीच निघते.

मॅग्नी टेबलावर तीन जाकिटं टाकतो.
पहिलं पिवळं, हलकं,
धरलं तरी हात रिकामाच वाटतो.
मी ते उलटं करते, शिवण नखानं मोजते.
इंचात सहा टाके. बाजूला.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय
किती मीटर पाण्याचा दाब ते सोसेल.
मॅग्नी, मी पाण्यात जात नाही रे.
पाणीच येतं माझ्यावर, आमच्या अन्स्टला,
आडवं, बाहीतून शिरून कोपरापर्यंत.
तो हसतो. त्यालाही तसलंच येतं.

तिसरं मेणकापडाचं. जड.
कोपरांवर दुहेरी, खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याच्या खिळ्या,
आत अस्तराला दोन जादा बटणं टाचलेली,
म्हणजे शिवणाऱ्या बाईला ठाऊक होतं
की बटणं जातात.

"हे वीस वर्षं कुठं जात नाही," मॅग्नी म्हणतो,
आणि मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघतो.
मला चौसष्ट चालू आहे.
बेरीज कुणी मोठ्यानं करत नाही.

लोवरीला मी सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचे.
बाह्या आत दुमडून कच्चा टाका,
दर वर्षी एक दुमड उसवायची,
खाली कापड नवंकोरं, गडद, जणू मनगटाला
आजच नेमलेलं.
आता तो तेलाच्या फलाटावर आहे.
कपडे कंपनी देते, दोन वर्षांनी बदलून.
जुन्यांचं काय होतं, विचारलं मी.
म्हणाला, माहीत नाही गं, एक पेटी असते.

आणि आई. शेवटी शेवटी ती कोट घालून निघाली
की वाटायचं, कोटच तिला
फाटकापर्यंत सोडायला आलाय.

मी अंगातल्या तीन स्वेटरांवर ते चढवते.
"सैल होतंय तुला."
होऊ दे. घटत्या अंगाचं घेतेय.
डोळे मिटून, हातमोज्यांसकट, बटणं लावून बघते.
मग मोजे काढून उजव्या हाताच्या मधल्या बोटाला विचारते,
जे हल्ली पहाटे वळत नाही.
चेनला ते नाही म्हणालं होतं.
बटणाला म्हणतं, मोठं आहे, जमेल.

यंदाच्या लोकरीचे सगळे पैसे
आणि वर चार कोकरांचे.
मॅग्नी विचारतो, बाह्या कमी करून देऊ?
नको. दर वर्षी एक दुमड
माझी मी घालेन.
जुनं फेकू नकोस, तो म्हणतो,
त्याचे खिसे अजून कामाचे आहेत.

दोन फेरीबोटी बदलून घरी.
जाकीट इतकं कडक, की मी बाकावर बसले
तरी ते उभंच होतं,
आणि हात हलवला की
करकरायचं, नव्या वहाणेसारखं.
येलच्या धक्क्यावर पाऊस आला, आडवाच.
बाहीत शिरला नाही.
मला जरा चुकल्यासारखं झालं.

फाटकात टॅमनं ओळखलं नाही. भुंकला.
मग मी पिशवीतलं जुनं काढून त्याच्यापुढं टाकलं.
त्यानं हुंगलं, तीनदा गोल फिरला,
त्यावर अंग टाकलं
आणि नव्याकडं बघत राहिला,
कोकरं होऊ देत, मग बोलू,
अशा डोळ्यांनी.